तीन माशांपायी साउथ डकोटा

मार्लिस टॉलफसन गाडीतच जेवायची. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात हॅम घातलेला बन, मांडीवर कागदी रुमाल. ऑफिसात आली तरी खुर्चीत बसायची नाही. माझ्या टेबलाच्या कडेला टेकायची आणि टेकल्या टेकल्या पाय हलवत राहायची. सत्तावन्न वर्षांची बाई, पण तिच्या अंगात कुठेतरी एक मोटार बंद करायची राहून गेली होती. मरणाऱ्या माणसाशेजारी मात्र ती दोन दोन तास हलत नसे. ते मी स्वतः पाहिलंय, माझ्या भावाच्या वेळी.

आमची संस्था हॉस्पिसची. ज्यांच्यावरचे इलाज संपलेत त्यांच्या घरी जायचं आणि दुखणं कमी करायचं, इतकंच काम. ऑफिस वॉपटनला, म्हणजे नॉर्थ डकोटात. पूल ओलांडला की ब्रेकेनरिज, ते मिनेसोटात. दक्षिणेला अर्धा तास गेलं की साउथ डकोटा. माणसं तिन्हीकडे मरतात, आणि आजारी माणूस ज्या राज्यात पडलाय त्या राज्यात नर्सचा परवाना चालावा लागतो. दोन्ही डकोटा एका करारात आहेत, आणखी चाळीसेक राज्यांसारखे. करारातल्या एका राज्यात नर्सचं घर असलं की तिथला परवाना बाकी सगळ्या करारात चालतो. मिनेसोटा करारात नाही, तिथला वेगळा काढावा लागतो. मार्लिसकडे दोन्ही होते. ड्यूटीचा तक्ता मी लावायचो, आणि कुठलाही चौकोन रिकामा राहिला की तिथे तिचं नाव घालायचो.

त्या हिवाळ्यात तिची आई ब्रेकेनरिजला पायरीवरच्या बर्फावर पडली. खुब्याचं हाड मोडलं. मार्लिस आधी रात्रीपुरती जायची, मग कपडे नेले, मग मार्चअखेर वॉपटनची खोलीच सोडली. पुलाच्या या बाजूचं घर त्या बाजूला गेलं. आमच्याकडे कुणाला त्याचं काही वाटत नाही. लोक दूध आणायला दुसऱ्या राज्यात जातात.

एप्रिलमध्ये मीच म्हणालो, "मिनेसोटात मासेमारी सुरू होईल आता. यंदाही परक्यांचाच परवाना घेणार का?"

"मग काय करू?"

"मिनेसोटात राहतेस ना? ड्रायव्हिंग लायसन्स तिथलं काढ, म्हणजे मासेमारीचा परवाना रहिवाशांचा मिळेल. निम्म्यात. आणि तळ्यावर लोक तुला पाहुणी म्हणायचे थांबतील."

"पाहुणी म्हणतात मला?"

"मीच म्हणतो."

तिने लायसन्स काढलं. मे महिन्यात आम्ही माझ्या होडीतून तळ्यावर गेलो. गार वारा होता. ती एकदाही धड बसली नाही, होडी डुलत राहिली, तरी तिला तीन वॉलाय मासे मिळाले. मला एक.

जूनच्या नऊ तारखेला गाड्यांच्या विम्यासाठी मी सगळ्यांची ड्रायव्हिंग लायसन्सं मागून घेतली, फोटोकॉपी काढायला. तिचं कार्ड काचेवर ठेवलं, झाकण लावलं, कागद बाहेर आला. गरम होता. त्यावर मिनेसोटा लिहिलेलं मी दोनदा वाचलं.

बारा वर्षं हे काम करतोय मी. नर्सचा परवाना नोकरीमागे जात नाही, घरामागे जातो, हे नव्या नर्सना मीच सांगतो. घर एकच लिहायचं असतं, आणि ते कुठे आहे याचा पहिला पुरावा म्हणजे हे कार्ड. घर कराराबाहेर गेलं की नॉर्थ डकोटाचा परवाना फक्त नॉर्थ डकोटापुरता उरतो. हे सगळं मला पाठ होतं. होडीत असताना एकदाही आठवलं नाही.

मार्लिस टेबलाशी टेकली होती. मी कागद तिच्यापुढे सरकवला.

"फोटो वाईट आलाय," ती म्हणाली.

"फोटो नाही. पत्ता बघ."

तिने पाहिलं. पाय हलायचा थांबला. ओरडली असती त्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

"व्हर्लिन," ती म्हणाली.

व्हर्लिन क्वामे म्हणजे साउथ डकोटातल्या रोझोल्टच्या बाहेरचा एक म्हातारा. लग्न केलं नाही, सोयाबीन आणि बीट केलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा. पोटात कर्करोग. बहीण आर्डिस त्याच्याजवळ येऊन राहिली होती. दुसरी कुठली नर्स पाठवली की तो डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचा. मार्लिसने त्याला शब्द दिला होता की शेवटी मी असेन. नर्सने असा शब्द द्यायचा नसतो. ती एरवी देत नसे.

"कितीदा गेलीस? लायसन्स बदलल्यानंतर."

"तूच लावलास तक्ता. तू सांग."

मी मोजलं. एकोणीस वेळा.

मी कागद परत माझ्याकडे ओढला. मी म्हणालो, "हा ड्रॉवरमध्ये राहू शकतो. महिनाभर. व्हर्लिन तितका काढणारही नाही."

"आणि विसाव्या वेळी मी त्याला मॉर्फिन देऊ? मला ठाऊक असताना?"

"मग वॉपटनला परत खोली घे."

"आणि आईला उचलायला कोण? तू येशील?" ती उभी राहिली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. "पत्ता खोटा लिहायचा असता तर मेहनत कशाला केली इतकी वर्षं."

ती कागद घेऊन संचालिकेच्या खोलीत गेली. दार लावलं नाही, त्यामुळे सगळं ऐकू आलं. तिने स्वतःच सगळं सांगितलं, माझं नाव घेतलं नाही. दोन्ही डकोटांच्या नर्सिंग मंडळांना पत्र गेलं. साउथ डकोटाच्या वेगळ्या परवान्यासाठी अर्ज गेला, बोटांचे ठसे गेले. काही आठवडे, असं उत्तर आलं. व्हर्लिनकडे आठवडे नव्हते. मी तक्त्यावर तिचं नाव खोडलं आणि जनीन रेनव्हिलचं लिहिलं. जनीन सिसेटनची, त्या बाजूचीच, चांगली नर्स. माझा खोडरबर त्या चौकोनात कागद फाडून गेला.

दुसऱ्या दिवशी मार्लिसने मला गाडीत घातलं. "तू चालव. आज मी ड्यूटीवर नाही, मला काय करायचं ते कळत नाहीये." सबंध रस्ता ती काचेवर नखाने ठोकत होती. हद्दीची पाटी आली तेव्हा हात थांबला. आर्डिससाठी आणलेली, ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश तिच्या मांडीवर होती, आणि नेहमीची बॅग नव्हती.

व्हर्लिनची खाट उत्तरेच्या खिडकीशी होती.

"काय नर्सबाई. बॅग कुठाय?"

तिने सांगितलं. माशांपासून सगळं. तो डोळे मिटून ऐकत होता, पण सोंग नव्हतं.

"किती मिळाले?"

"तीन."

"तीन माशांपायी एक अख्खं राज्य घालवलंस." मग माझ्याकडे बघून, "आणि हा तो सल्लागार?"

"हो," मी म्हणालो.

"तुला किती?"

"एक."

"मग ठीक आहे." त्याला हसू आलं आणि ते दुखलं. मार्लिसचा हात आपोआप त्याच्या मनगटाकडे गेला, अर्ध्यात थांबला, आणि तिने तो परत आपल्या मांडीखाली घातला. दोन्ही हात. शाळेतल्या मुलीसारखी हातांवर बसली ती.

व्हर्लिन म्हणाला, "माझं शेत संपतं तिथे नॉर्थ डकोटा लागतं. तीन मैल. पिकअपमध्ये गादी टाका, मला तिकडे नेऊन मरू द्या. तिकडे चालतो ना तुझा परवाना?"

"चालतो."

"मग?"

आर्डिस स्वयंपाकघरातून म्हणाली, "आहे का तिकडे कुणाचं घर? रस्त्यावर ठेवायचाय का त्याला?"

"तिकडे हॅन्किन्सनला आहेत आपले लोक."

"ज्यांच्याशी तू तीस वर्षं बोलला नाहीस, ते?"

मार्लिस खिडकीबाहेर बघत होती. सोयाबीन अजून वीतभरच होतं, ओळींमधली काळी माती दिसत होती. ती ओळ कुठे संपते आणि दुसरं राज्य कुठे लागतं, ते कुणालाही दाखवता आलं नसतं. मला दिसत होतं की ती मनात गादी टाकतेय, दोन्हीकडून उशा लावतेय, पिकअप हळू चालवतेय.

"तिकडे ही खिडकी नाही," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला इथे मरायचंय. मला सांगितलंत तुम्ही, मार्चमध्ये."

"तू असशील असं सांगितलेलंस तू, मार्चमध्ये."

"असेन की. नुसती असेन."

त्यानंतर ती रोज गेली. सकाळी आईला उठवून, न्हाऊ घालून, आमच्या दोन राज्यांतल्या भेटी उरकून, दुपारी रोझोल्ट. बॅग नाही. जनीन यायची, औषध मोजून ठेवायची, आर्डिसला शिकवायची. मार्लिस तेव्हा अंगणात जाऊन उभी राहायची, कुणी काही म्हणायला नको म्हणून. जनीन म्हणाली, "अगं, आत बस. मी काय तुला पकडायला आलेय?" तरी ती बाहेरच. अंगणात तिच्या फेऱ्यांची एक वाट पडली होती, मी पाहिली नंतर.

आठव्या दिवशी, दुपारी तीनला. हे मला आर्डिसने सांगितलं, मार्लिसने नाही. व्हर्लिनचा श्वास बदलला. मार्लिसने तिला जनीनला फोन करायला सांगितलं, आणि स्वतः खाटेशी जाऊन बसली, हातांवर. श्वास लांब लांब होत गेले. एक आला, त्यानंतरचा आला नाही.

"गेला का?" आर्डिसने विचारलं.

मार्लिसने एकतीस वर्षांत शेकडो वेळा या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. छातीला स्टेथोस्कोप लावून, पूर्ण मिनिटभर ऐकून, घड्याळ बघून. ते उत्तर द्यायलाही परवाना लागतो.

"जनीन येतेय," ती म्हणाली. "ती बघेल."

"तुला कळत नाही का?"

"येतेच ती, आर्डिस."

आर्डिस तिच्यावर चिडली, मग रडायला लागली, मग तिच्या शेजारी स्टुलावर बसली. जनीन सिसेटनहून निघाली होती, पोचायला आणखी पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात म्हातारा मेला आहे असं म्हणायला त्या घरात कुणी नव्हतं. मार्लिसने एक हात मांडीखालून काढला, त्याच्या हातावर ठेवला, मनगटावर नाही, पंज्यावर. आणि आर्डिस म्हणते, त्या पंचवीस मिनिटांत ती अजिबात हलली नाही.

जनीनने येऊन स्टेथोस्कोप लावला, घड्याळ बघितलं आणि मरणाची वेळ लिहिली, तीन बेचाळीस. तक्त्यावर मीही तीच लिहिली.