थीम पार्कमधले दोन आजारी

माझी बायको अकरा आठवड्यांची गरोदर असताना मी तिला थीम पार्कमध्ये घेऊन गेलो. त्या दिवशी तिथे दोन माणसांना व्हीलचेअरवर बसवून प्रथमोपचाराच्या खोलीत न्यावं लागलं. एक मी आणि दुसरी माझी आई. बायको ठणठणीत होती.

हे कसं झालं ते एकदा नीट सांगून टाकतो. आमचे दाजी ते आपल्या पद्धतीने सांगतात आणि त्यांच्या सांगण्यात मी जरा जास्तच वेळा पडतो.

मी पनवेलच्या एका शाळेत भूगोल शिकवतो आणि शाळेच्या सहली ठरवतो. एकशे वीस मुलं किल्ल्यावर नेऊन एकशे वीसच्या एकशे वीस परत आणलेली आहेत (एकदा एकशे एकवीस भरली होती, पण तो दुसऱ्या शाळेचा निघाला). त्यामुळे घरात कुठेही जायचं निघालं की आखणी माझ्याकडे. आम्ही विचुंब्याचे. शेतं गेली, इमारती आल्या, आमचं घर मात्र तिथेच आहे. घरात आई, मी आणि माझी बायको वैशाली. थोरली बहीण सुरेखाताई उरणकडे दिलेली. तिचा नवरा म्हणजे आमचे दाजी. डंपरचा धंदा, मोठा आवाज आणि त्याहून मोठं मन.

त्या मे महिन्यात दाजींनी परस्पर सगळ्यांची तिकिटं काढली. घाटाच्या अलीकडे नवीन थीम पार्क झालं होतं आणि ताईच्या दोन मुलांनी त्यांचं डोकं खाल्लं होतं.

"मास्तर, तारीक ठरली," दाजी फोनवर म्हणाले. "आईला घ्या, वैशालीला घ्या. नाय बोलायचा नाय."

मी फोन ठेवला. वैशाली भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभी राहून बोटाने आठवडे मोजत होती.

"अकरावा," ती म्हणाली.

इथे थोडं मागे जावं लागेल, आणि या भागात हसण्यासारखं काही नाही. वर्षापूर्वी वैशालीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा आम्ही दुसऱ्याच महिन्यात पेढे वाटले. आईने तर विचुंब्यापासून पनवेलच्या मासळी बाजारापर्यंत एक माणूस सोडला नाही. तिसऱ्या महिन्यात ते टिकलं नाही. दुःख आम्ही दोघांनी कसंबसं सोसलं, पण सांगितलेलं परत घेता येत नाही. पुढे चार महिने वैशालीला कोणी ना कोणी भेटायचं आणि हसून विचारायचं, "कितवा?" बँकेच्या रांगेत, रिक्षात, कोळंबी निवडताना. प्रत्येकाला तिने उभ्याउभ्या उत्तर द्यायचं आणि वर समोरच्याचंच सांत्वन करायचं. घरी आली की पिशवी ठेवून ती मोरीत जायची आणि बराच वेळ तोंड धुवायची. मी बाहेर उभा असायचो. आत जावं की नाही हे मला कधी ठरवता आलं नाही.

म्हणून या वेळी तिची एकच अट होती. तिसरा महिना पुरा होईपर्यंत कोणालाही सांगायचं नाही. आईलासुद्धा नाही.

"आई मनाने वाईट नाहीत हो," ती म्हणाली. "पण त्यांच्या पोटात काही राहत नाही."

मी शब्द दिला. शब्द देताना मध्येच थीम पार्क आडवं येईल असं वाटलं नव्हतं.

"आपण जायचंच नाही," मी म्हटलं.

"कारण काय सांगाल? शाळेला सुट्टी, गाडी दारात येणार. ताई दोन मिनिटांत ओळखतील."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जायला हरकत नाही. सावलीत बसा, पाणी पीत राहा, हलत्याझुलत्या कशातही बसू नका. आता चार तास पाळण्यांच्या गर्दीत राहून एकाही पाळण्यात बसायचं नाही आणि कोणाला संशय येऊ द्यायचा नाही, हे कसं करायचं? मी वही काढली. वैशालीने नाही म्हटलं तर बोभाटा होणार. म्हणून आजारी मी पडायचं. नवऱ्याला बरं नसलं की बायकोने त्याच्यापाशी बसायचं, यावर आमच्या घरात आजवर कोणी शंका घेतलेली नाही. सकाळी अकरा, किरकोळ गरगर. साडेबारा, मध्यम. तीन वाजता तो सगळ्यात मोठा झुला, तेव्हा जोरदार चक्कर. प्रत्येक पाळण्याजवळच्या सावलीतल्या बाकड्यावरसुद्धा मी नकाशात खूण करून ठेवली होती.

ठरल्या दिवशी दाजींची गाडी आली. आई डबा घेऊन बसली. आता आमची आई घराबाहेर पडताना तांदळाच्या भाकरीबरोबर सुकट नाहीतर भाजलेले बोंबील घेतल्याशिवाय निघत नाही. त्या दिवशी डब्यात बटाट्याची भाजी होती.

"आई, आज सुकं नाय?" ताईने विचारलं.

"उनाचा नको," आई म्हणाली.

गाडीत बोंबलाचा वास असता तर वैशालीचं काही खरं नव्हतं. मी मनातल्या मनात आमच्या ग्रामदेवतेला हात जोडले.

पहिला पाळणा म्हणजे एक होडी होती, ती वर जाऊन पाण्यात धाडकन पडायची. दाजी म्हणाले, "चला, सगली बसायची." मी कपाळाला हात लावला.

"दाजी, मला जरा गरगरतंय. तुम्ही जा. वैशाली, तू थांब माझ्यापाशी."

तेवढ्यात मागून आवाज आला, "माजं गुडगं दुकतान. वैशाली, पोरी, तू माजेपाशी बस."

मी वळून पाहिलं. माझी आई शिरढोणला मावशीकडे चालत जाते आणि जेवून चालत परत येते. तिचे गुडघे असतात हेच आम्हाला तोवर माहीत नव्हतं. पण म्हटलं ठीक आहे, म्हातारं माणूस, ऊन लागलं असेल. आम्ही तिघं बाकड्यावर बसलो. होडी पाण्यात पडली, दाजी भिजले, वैशाली हसली. पहिला तास वहीप्रमाणे पार पडला.

दुसऱ्या पाळण्यापाशी मी मध्यम गरगर सुरू केली, रेलिंग धरून. आईने ते पाहिलं आणि लगेच कंबरही धरली. तिसऱ्या ठिकाणी मी डोळे मिटले तर आईने "अगं बाय" म्हणून वैशालीच्या खांद्यावर डोकं टाकलं. मला राग यायला लागला. आजारपण माझं ठरलेलं होतं. हिने मध्येच काय चालवलं होतं?

आणि मग मोठ्या झुल्याच्या रांगेपाशी दाजींच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आई हाय ना मास्तरपाशी," ते म्हणाले. "आनि मास्तर हायेत आईपाशी. दोघा एकमेकांना बगतील. वैशालीला सोडा आता."

यात खोट काढायला जागा नव्हती. एक आजारी असता तर वैशाली अडकली असती. दोन आजाऱ्यांनी मिळून तिला मोकळं केलं होतं.

"आईला माझं करणं जमायचं नाही," मी घाईने म्हटलं. "तिचेच गुडघे दुखतायत."

"त्याला काय बी झाला नाय," आई म्हणाली. "मना वैशाली पायजे."

हे शब्द मला लागले. लहानपणी मला शिंक आली तरी गाव गोळा करणारी ही बाई. मग मी वहीत नसलेली गोष्ट केली. मी सरळ खाली फरशीवर बसलो. आईने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, पदर सारखा केला आणि ती आडवी झाली.

लोक जमले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी दोन व्हीलचेअर आणल्या. प्रथमोपचाराच्या खोलीत सोबत एकालाच सोडतात असं ते म्हणाले तेव्हा वैशाली पुढे झाली. दाजींनी तिला थांबवलं.

"तू नको. सकालपासून या दोघांनी तुला बाकड्याला बांधून ठेवलीय. सुरेखा जाईल. तू चल पोरांबरोबर, झुल्यावर."

मी खुर्चीतून मान वळवून वैशालीला हाक मारली. खुर्ची ढकलणारा माणूस चांगला दांडगा होता. "काका, बोलू नका, शांत बसा," तो म्हणाला (मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो). मला शेवटचं दिसलं ते एवढंच, की दाजी पुढे, मुलं मागे आणि मध्ये वैशाली, अशी ती सगळी झुल्याकडे चालली होती.

खोलीत दोन कॉट होत्या. नर्सबाईंनी आम्हाला आडवं केलं, दोघांच्या दंडाला पट्टे गुंडाळले आणि प्रेशर मोजलं. आकडा पाहून त्यांनी पुन्हा मोजलं, आणि डॉक्टरांना बोलवायला बाहेर गेल्या. ताई दारापाशी फॉर्म भरत होती. मी उठलो. शेजारच्या कॉटवर आई आधीच पाय खाली सोडून बसली होती.

"तू पडून रव," ती म्हणाली.

"तूच पड. मला जायचंय."

"मना जायचाय."

"तुला कुठे जायचंय?"

आईने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिला त्या झुल्यावर बसवतील रं. तिला दिवस गेल्यान."

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोन सांगल? बोंबील भाजला का पोर गच्चीवर पलते. म्हयना झाला, मी घरान सुकं आनलं नाय. तुज्या ध्यानात तरी आलं?"

आलं नव्हतं. महिनाभर मी डाळ, भाजी, कोंबडी खात होतो आणि आईचा काही उपास असेल असं समजत होतो.

"मग बोलली का नाहीस?"

ती दंडाचा पट्टा सोडवायला बघत होती, पण तो सुटत नव्हता. "मागचे टायमाला मीच गावभर सांगलं," ती म्हणाली. "मग मानसांनी त्या पोरीला विचारून विचारून सोलली. ती मोरीन रडायची ना, मी चुलीपाशी बसून आयकायची. या टायमाला मी तोंडाला कुलूप घातला. देवालाव नाय सांगला."

इतके दिवस मला वाटत होतं की त्या मोरीबाहेर मी एकटाच उभा असायचो.

पण रडायला वेळ नव्हता. आम्ही निघालो. दोन्ही पेशंट दंडाला पट्टे लोंबत असलेले, आई अनवाणी, दारातून धावत बाहेर पडले तेव्हा ताईच्या हातात 'रुग्णाची लक्षणं' या रकान्यापर्यंत भरलेला फॉर्म होता. मागे नर्सबाई, त्यांच्या मागे ताई. आईचे गुडघे माझ्यापुढे चार पावलं होते.

मोठा झुला पूर्ण वेगात होता. वर माणसं किंचाळत होती. मी वर बघून प्रत्येक ओळीत वैशालीचा पिवळा ड्रेस शोधत होतो. तेवढ्यात आईने माझी बाही ओढली.

झुल्याखालच्या झाडापाशी वैशाली बाकड्यावर बसून मक्याचं कणीस खात होती. शेजारी दाजी तिची पर्स मांडीवर घेऊन बसले होते. आमच्यापैकी वर फक्त मुलं होती.

"तू बसली नाहीस?" मी धापा टाकत विचारलं.

उत्तर दाजींनी दिलं. "नाय. ती बोलली, दाजी, मला नाही बसायचं. मी बोललो, बरा."

"तुम्ही विचारलं नाहीत, का म्हणून?"

"कशाला विचारायचा? नको बोलली ना ती."

मी खाली बसलो. या वेळी ते नाटक नव्हतं. वैशाली माझ्या दंडाच्या पट्ट्याकडे बघत होती, मग तिने आईच्या पायांकडे पाहिलं आणि हातातलं अर्धं कणीस आईला दिलं. आई म्हणाली, "गुडगं बरं झालं." घरी जाताना गाडीत माझ्या कानाशी लागून ती म्हणाली, "तिला बोलू नको, मना म्हाईत हाय. ती सांगल तवा मी नव्यानं आयकन."

त्याआधी नर्सबाईंनी आम्हाला पकडून परत खोलीत नेलं होतं आणि तिथल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना दोन आठवडे मीठ बंद केलं. प्रेशर खरोखरच वाढलं होतं. ते अळणी जेवण वैशालीने रोज वेळेवर वाढलं आणि आम्ही मायलेकांनी मान खाली घालून खाल्लं.

तिसरा महिना पुरा झाला त्या सकाळी वैशालीने आईला स्वयंपाकघरात सांगितलं. आईने ठरल्याप्रमाणे नव्यानं ऐकलं, पण रडली ते ठरलेलं नव्हतं. मग डोळे पुसून तिने विचारलं, "सांगू का मी कोनाला? का नको? तू बोलशील तसा."

"सांगा, आई," वैशाली म्हणाली. "सगळ्यांना सांगा."

आईने तरीही तिला दोनदा विचारून घेतलं आणि मगच चपला घालून बाजाराकडे गेली.

दाजींना मी स्वतः फोन केला. बातमी सांगितली, थीम पार्कमध्ये काय चाललं होतं तेही सगळं सांगितलं.

"म्हंजे त्या दिवशी पोटुशी वैशाली होती?"

"हो."

"मग मास्तर, चक्कर तुमाला का आली?"

दाजींनी उभ्या आयुष्यात कोणाला 'का' म्हणून एकदाच विचारलं, आणि ते मला.