‘निवडक गोमा नाखवा’ आणि गाळलेलं नाव

“मास्तर, तुमचा गोमा गेला वो,” करंज्याची सुकटवाली म्हणाली आणि जवळ्याचा वाटा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. पनवेलच्या बाजारात, भर सकाळी, हातात पिशवी घेऊन मी उभा होतो आणि खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. दुःख घरी पोचल्यावर आलं. पाच महिने हा माणूस माझ्याशी बोलत नव्हता. दोनदा निरोप धाडला, उत्तर नाही. दिवाळीत करंज्याला जाऊन आलो, तर म्हणे नाखवा होडीवर गेलाय. होडी किनाऱ्यावर उपडी ठेवलेली मला दिसत होती! आणि आता हा भांडण अर्धं टाकून कायमचा निघून गेला. असा कुठे माणूस असतो?

गोमा नाखव्याचं नाव ज्यांना ठाऊक नसेल त्यांनीही त्याचा आवाज नक्की ऐकला आहे. गेली दहा-बारा वर्षं पळस्प्यापासून उरणपर्यंत एकही मांडव असा नसेल, जिथे कर्ण्यातून त्याची तबकडी वाजली नाही. धंदा मासेमारीचा, गाणं बापाकडून आलेलं. मी शाळामास्तर. त्याच्या धाकट्या भावाला शिकवायचो, त्यातून ओळख झाली. गोम्याला लिहिता येत नव्हतं. गाणी तो सांगायचा, मी उतरवून घ्यायचो. मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीशी सगळा पत्रव्यवहारही माझ्याच हस्ताक्षरात. खाली सहीपुरती ‘गोमा’ ही दोन अक्षरं मी त्याला गिरवून गिरवून शिकवली होती. ती दोन अक्षरं काढताना तो जीभ बाहेर काढायचा आणि झाल्यावर वल्हं टाकल्यासारखी लेखणी खाली टाकायचा.

त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं हळदीचं. ते कसं झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कंपनीनं रेकॉर्डिंगला दिलेला दिवस नेमका त्याच्या मुलीच्या, मंजुळाच्या हळदीचा निघाला. दिवस बदलून मागितला, तर नकार आला. “जाऊ नकोस,” मी म्हटलं. त्याची बायकोही तेच म्हणाली. पण वाद्यवाले ठरले होते, त्यांचा खाडा कसा करायचा, म्हणून हा गेला, आणि गाण्याचा कागद घेऊन मीही सोबत गेलो. आमच्याकडच्या हळदीच्या गाण्यात जिला हळद लागते तिचं नाव घ्यावंच लागतं. स्टुडिओत माइकसमोर उभं राहिल्यावर तिसऱ्या कडव्यात त्यानं ‘मंजुले गो, मंजुले’ अशी हाक घातली. कागदावर ती नव्हती. काचेपलीकडचा साहेब चिडला. गोमा शांतपणे म्हणाला, “नाव नाय घेतला तं हलद लावायची कोनाला? माजी पोर तिकडं पाटावर बसलीय.” करंज्यात बायका हळद लावत होत्या आणि बाप मुंबईत त्या तबकडीत हळद लावत होता. पुढे गंमत अशी झाली की नवरी कोणीही असो, बेबी, हिरा, ताराबाय, सगळ्यांच्या मांडवात हाक मंजुळालाच जायची. लोक हसायचे आणि पुन्हा तीच तबकडी लावायचे.

मग गेल्या वर्षी कंपनीचं पत्र आलं. गोम्याची गाजलेली बारा गाणी एकाच मोठ्या लाँगप्लेवर काढायची, वर त्याचा रंगीत फोटो, नाव ‘निवडक गोमा नाखवा’. मी ते पत्र घेऊन धावतच करंज्याला गेलो. अट एकच होती. हळदीच्या गाण्यातली ती हाक काढायची, म्हणजे गाणं सगळ्यांच्या लग्नाला चालेल. गोमा म्हणाला, “मग ता गानाच काडा.” अरे, त्या गाण्यावर तर तुझं नाव झालं! ते वगळून कसली आलीय निवड? तासभर मी डोकं फोडलं. मंजुळाचं लग्न होऊन आठ वर्षं झाली, दोन पोरांची आई ती, आता कुणाला काय फरक पडतो... तो जाळ्याची गाठ मारत बसला आणि शेवटी एवढंच म्हणाला, “मास्तर, मी तिच्या हलदीला नव्हतो.”

हे मला ठाऊक होतं. तरीही घरी येऊन मी पत्र लिहिलं. हाक काढायला हरकत नाही, असं. आणि खाली ‘गोमा’ ही दोन अक्षरं मीच काढली, अगदी त्याच्यासारखी वाकडी. ती मीच शिकवलेली होती, मला जमायला कितीसा वेळ लागणार? त्याच्या भल्यासाठी करतोय असं मी स्वतःला सांगितलं. त्यात थोडं माझंही भलं होतं, कारण मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘शब्दसंकलन’ म्हणून माझं नाव येणार होतं.

लाँगप्ले आला. त्याच्याकडचा चावीचा फोनो असली तबकडी वाजवत नाही, म्हणून मी त्याला पनवेलला बोलावलं. धुतलेला सदरा घालून आला. फोटो पाहून लाजला, म्हणाला, “याच्यापरीस माजा बाप बरा दिसाचा.” पहिली बाजू होईपर्यंत मांडीवर ठेका धरत होता. उलट्या बाजूला हळदीचं गाणं लागलं. तिसरं कडवं आलं... सनई वाजली, आणि जिथे हाक होती तिथून गाणं सरळ पुढच्या ओळीवर गेलं. ठेका थांबला. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याला विचारायचंच नव्हतं. कंपनीला पत्र कोण लिहितं हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. वहाणा घालता घालता म्हणाला, “मास्तर, भरल्या हलदीतून पोरीला उठवलीत तुमी.” माझ्या बायकोनं केलेला चहा तसाच निवला. त्यानंतर तो मला भेटला नाही.

बाराव्यानंतर मंजुळाला भेटायला गव्हाणच्या कोळीवाड्यात गेलो. सगळं सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो. बापानं आपल्याकडचीच दिलेली जुनी तबकडी तिच्या पोरांच्या हातून पडून फुटली होती, फोनोही मोडला होता आणि नवीन वाजवायला घरात यंत्र नाही. तिनं विचारलं, “त्या मोठ्या तबकडीत हाय ना वो माजी हाक? बाबा कई बोललं नाय त्याच्याविषयी.” मी “आहे” म्हणालो. तिनं पदरानं डोळे पुसले. माझ्यासाठी चहा टाकला, आणि तो मी प्यायलो!

तेव्हापासून मी जुनी तबकडी शोधतो आहे. कंपनीनं कळवलं की लाँगप्ले निघाल्यावर मूळ साचा मोडीत काढला. पळस्प्याच्या लाऊडस्पीकरवाल्याकडे एक निघाली, पण हजार लग्नांत घासून ती इतकी गुळगुळीत झालीय की तिसऱ्या कडव्यात नुसती खरखर ऐकू येते. उरणच्या एका लाऊडस्पीकरवाल्यानं त्याच्याकडच्या तबकड्या तापवून, वळवून कुंड्या केल्या. मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडानं ओरडणार?

म्हणून हे लिहितो आहे. वाचकांपैकी कोणाच्या पेटीत, माळ्यावर, कपाटामागे गोमा नाखव्याची ती जुनी, तीन मिनिटांची हळदीची तबकडी असेल, कड उडालेली असली तरी चालेल, तर कृपा करून माझ्याकडे आणू नका. गव्हाणच्या कोळीवाड्यात जा, मंजुळाचं घर विचारा, आणि सोबत वाजवायचा फोनोही न्या. मास्तर खोटं बोलले, हेही तिला तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं झालं नाही.