अकरा जोड चपला

मला एका जागी बसवत नाही. हिच्या पायाला भिंगरी लागलीय, असं आई म्हणायची, आणि त्यात कौतुक अजिबात नसायचं. शाळेत खो-खो खेळायचे तेव्हा पळायचा कधी त्रास झाला नाही. रांगेत बसून पाठीवर खो मिळायची वाट बघणं मात्र जमायचं नाही. एकदा तर खो न मिळताच मी उठून सुटले. बाईंनी उरलेला सामना मला कडेला बसवून ठेवलं. त्या सामन्यात कोण जिंकलं ते मला आठवत नाही, पण ते बसणं आठवतं.

अशा मुलीला नोकरी लागली ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, ट्रंक कॉलचा जमाना. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि बुडाखाली आठ तास खुर्ची. कुणाला नागपूर जोडून द्यायचं, कुणाला सुरत. "तीन मिनिटं झाली, पुढे बोलायचंय का?" असं दिवसातून किती वेळा विचारत असेन कोण जाणे. सगळ्यांचे आवाज गावोगाव जायचे आणि मी ठाण्यातच. ड्यूटी संपली की पाय नुसते वळवळायचे. नौपाड्यातलं आमचं घर जवळच होतं, पण मी तलावपाळीला दोन चकरा मारल्याशिवाय घरी जातच नसे.

मग पहाटे पळायला लागले. पंजाबी ड्रेस, कॅनव्हासचे बूट, घट्ट वेणी. तिशीतली बाई, सहा वर्षांच्या मुलीची आई, एकटीच पळतेय म्हटल्यावर लोक थांबून बघायचे. शेजारीण रोज विचारायची, "अगं, बस चुकली का?" नवरा काही म्हणायचा नाही. रविवारी त्याच्या हातात चहा आणि पेपर असला की मी कुठे का पळेना.

एकदा हौसेनं मुंबईतल्या एका मोठ्या शर्यतीत नाव घातलं. छातीवर नंबर, माणसांचा समुद्र. मी शेवटच्या काहीजणांत होते. पोहोचले तेव्हा कमान उतरवायला घेतली होती. टेबलं दुमडलेली, वेळ लिहिणारे गेलेले. दोरी गुंडाळणारा एक माणूस मला म्हणाला, "बाई, बाजूला व्हा, बांबू पडेल." इतकी पळून आले आणि कुणाला कळलंसुद्धा नाही. घरी येईपर्यंत मी रडत होते, रागानं.

तलावपाळीला पहाटे दिसणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी हे सांगितलं. ते निवृत्त पोस्टमन, कळव्याच्या चाळीत राहायचे. भेटले की "जय भीम" म्हणायचे, मी "नमस्कार काका" म्हणायचे. तीस वर्षं कल्याणच्या पारनाक्यापासून खाडीपर्यंत टपाल वाटलेलं. निवृत्तीनंतर सकाळचे दहा वाजले की पाय ऐकेनात, म्हणून पळायला लागलेले. ते म्हणाले, "ताई, तुम्ही आमच्यात या. आमच्यात पहिला कोण ते कुणी बघत नाही. शेवटचा मात्र बघतात."

त्यांच्यात म्हणजे दहा जणांत. वर्षातून एकदा, डिसेंबरातल्या एका रविवारी, ही मंडळी तलावपाळीहून निघायची. कळवा, मुंब्रा, शीळफाटा, डोंबिवलीच्या कडेनं कल्याण, दुर्गाडी किल्ल्याला हात लावायचा, मग खाडी ओलांडून कोन, भिवंडी, कशेळीचा पूल आणि परत ठाणं. पन्नासेक किलोमीटरचा फेरा. नंबर नाही, वेळ नाही, सर्टिफिकेट नाही. काकांचं म्हणणं असं, की पूर्वी ठाणं आणि कल्याण या दोन बंदरांमधलं टपाल माणसं पळतच नेत असणार, आपण फक्त टपाल नेत नाही. एकमेकांची नावंही कुणाला धड माहीत नव्हती. एक जण चेंदणी कोळीवाड्याचे, म्हणून चेंदणीचे दादा. खाडीतली मासळी कमी झाली तेव्हा होडी भावांकडे देऊन ते एका कारखान्यात वॉचमन झाले होते. दिवसभर फाटकात उभं राहायचं आणि कुठं जायचं नाही. त्यांचं आणि माझं दुखणं एकच होतं.

नियम मात्र एक होता, आणि तो कडक. निघताना तलावाच्या पायऱ्यांवर, पिंपळाखाली सगळ्यांनी आपापल्या चपला ओळीनं काढून ठेवायच्या आणि बूट चढवायचे. परत आलं की बूट काढून तिथंच बसायचं. शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी चप्पल घालायची नाही. वाटेत कुणाला झेपलं नाही तर त्यानं खुशाल ट्रेननं यावं, कुणी हसणार नाही. पण यायचं पायरीवरच. आपली चप्पल आपणच घालायची.

त्या रविवारी पहाटे आम्ही अकरा जोड ओळीनं लावले. माझ्या जुन्या रबरी, एकीचा अंगठा शिवलेला. निघण्याआधी चेंदणीचे दादा मला म्हणाले, "बाय, कशेळीचे पुलावर एकटी जाव नको. ट्रक आला तं उभं राव्हाला जागा नाय तिथं. आमची वाट बघ." मी हो म्हटलं.

शीळफाट्यापर्यंत मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा कुठेतरी जात होते. पण ही मंडळी पळायची कशी, तर गप्पा मारत. दिसेल त्या टपरीवर चहा. आणि डोंबिवलीजवळ आमच्यातल्या एकाची बहीण राहायची, तिनं अकरा जणांचा उपमा करून ठेवलेला. सगळे पाय पसरून ओट्यावर बसले. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मी अंगणात येरझारा घालतेय. तेवढ्यात त्या बाई आतून तबक घेऊन आल्या. सवाशीण पहिल्यांदा घरी आली, रिकामी कशी पाठवायची? त्यांनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खण आणि नारळ घालून ओटी भरली. घामानं निथळणारी मी ओढणीत नारळ घेऊन बसलेय आणि समोर दहा पुरुष उपमा खातायत. माझं डोकंच फिरलं.

"आपण पळायला आलोय की हळदीकुंकवाला?" मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. त्या बाईंचा चेहरा पडला. काकांनी माझ्या हातातला नारळ घेतला आणि आपल्या खांद्यावरच्या पिशवीत टाकला. "तुम्ही व्हा पुढे, ताई," ते म्हणाले. मी झाले पुढे.

कल्याणपर्यंत मी रागावर पळाले. राग संपला तेव्हा दुर्गाडी समोर होता आणि माझ्या उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी किल्ल्याच्या पायरीवर बसकण मारली. खाली खाडी, पलीकडे कोनचा रस्ता. उठून बघितलं, पाऊल टेकेना. मागून ते दहा जण येणार, गप्पा मारत, ताजेतवाने, आणि मी इथं बसलेली. त्या बाईंना तसं बोलून पुढे आलेली मी. नुसत्या कल्पनेनंच कान तापले. रिक्षा केली आणि स्टेशनकडे निघाले.

चौकात ते समोरून आले. एका ओळीत, सावकाश. काका सगळ्यांत मागे, पिशवीतला नारळ पाठीवर आपटतोय. मी रिक्षाच्या सीटवर मागे सरकले आणि ओढणी तोंडावर घेतली. हाक मारायला एक क्षण पुरला असता. मी मारली नाही.

दुपारी घरी पोहोचले, गरम पाण्यानं आंघोळ केली, वरणभात जेवले. चपला आठवल्या, नाही असं नाही. राहिल्या तर राहिल्या, म्हटलं, जुन्याच तर होत्या. पुन्हा त्या माणसांना तोंड दाखवायचं नाही, एवढं ठरवून झोपले.

संध्याकाळी मुलगी भेळेसाठी मागे लागली. रविवारची संध्याकाळ म्हणजे सगळं ठाणं तलावपाळीला. मी डोकं दुखतंय म्हटलं, पण नवरा म्हणाला, "चल गं, तुलाच बरं वाटेल." काळोख पडला होता. तोवर सगळे केव्हाच घरी गेले असतील, असा मी हिशेब केला. साडी नेसले, गजरा माळला, चांगल्या सँडल घातल्या. तलावाशी आलो तेव्हा दिवे लागले होते, होड्यांच्या रांगेत पोरं ओरडत होती. मी मुद्दाम पिंपळाच्या बाजूला बघत नव्हते.

"आई, ती बघ तुझी चप्पल!" मुलगी किंचाळली.

बघावंच लागलं. मला वाटलं होतं, फार तर माझी एक जोडी पडलेली असेल. अकराच्या अकरा जोड तिथं होते, पहाटे ठेवले तसेच, ओळीनं. माझ्या चपलांशेजारी तो नारळ आणि घडी घातलेला खण. आणि पायरीवर काका, हाफपँटवर स्वेटर चढवलेला, पाय अनवाणी. दुपारपासून तसेच.

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, गजऱ्याकडे बघितलं.

"आलीस?" म्हणाले. इतके दिवस मला अहो-जाहो करणारा माणूस.

"काका, मी कल्याणहून ट्रेननं घरी गेले."

"दिसतंय." मग गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. "आम्हाला वाटलं, तू पुढे गेलीस. इथं आलो तर तू नाहीस. नौपाड्यात राहतेस एवढंच माहीत, नावसुद्धा ठाऊक नाही, विचारणार कुणाला? आठ जण सायकली घेऊन कोनपर्यंत बघायला गेलेत. चेंदणीचे दादा कशेळीच्या पुलावर आहेत. तिथल्या कोळ्यांना सांगून त्यांनी होड्या काढल्यात."

"होड्या कशाला?" मी विचारलं, आणि विचारतानाच कळलं. अरुंद पूल, ट्रक, एकटी बाई. खाडीत ते मला शोधत होते, आणि जिवंत शोधत नव्हते.

नवऱ्यानं फक्त मुलीचा हात धरला आणि म्हणाला, "तू जा." मी सँडल काढून त्याच्याकडे दिल्या, माझ्या रबरी चपला पायांत सरकवल्या. काका माझ्याबरोबर रिक्षात बसले. मला वाटत होतं, त्यांनी चार शिव्या घालाव्यात, निदान नियम तरी आठवून द्यावा. ते नुसते पोटऱ्या चोळत बसले होते.

बाळकुमच्या पुढे ट्रकांची रांग लागली होती. रिक्षा हलेना. दोन मिनिटं, तीन मिनिटं. काका म्हणाले, "माझे गुडघे गेले. तू पळ."

मी निऱ्या वर खोचल्या आणि उतरले. पोटरीतला गोळा पहिल्या पावलालाच परत आला. ट्रकांच्या कडेनं, डिझेलच्या धुरातून, चपला फटफट वाजवत मी पळाले. ड्रायव्हर खिडकीतून काहीबाही ओरडत होते. सकाळी डोक्यात राग होता, आता काहीच नव्हतं, फक्त पूल कधी येतो. आयुष्यात मी इतकी हळू आणि इतकी जीव तोडून कधी पळाले नाही.

पुलावर चेंदणीचे दादा कठड्यावरून वाकून उभे होते, हातात बॅटरी. खाली काळ्या पाण्यात तीन होड्या, प्रत्येकीवर एकेक बत्ती. माणसं लांब बांबूंनी तिवरांच्या बुंध्यांशी चिखल चाचपत होती. बांबू चिखलात रुतून निघताना येणारा आवाज तेवढा वरपर्यंत येत होता.

"दादा," मी म्हटलं.

त्यांनी बॅटरी माझ्या तोंडावर मारली. मग खाली, पायांवर. चपलांवर ती तशीच स्थिर राहिली. मग ते कठड्याला टेकून खालीच बसले, रडायला लागले. एवढा दांडगा माणूस, माझं नाव माहीत नसलेला.

खालून एकानं विचारलं, "वर कोन हाय?"

होडीतली माणसं बत्त्या उंच धरून वर बघत होती. मी कठड्यावरून वाकले आणि पोटातून ओरडले, "मीच ती! जिला शोधताय ती! मी आलेय!"