टटलबाईंची गावसभा

ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडला आणि टटलबाई थांबल्या. काठीच्या टोकाने बुटांचा चिखल खरवडू लागल्या. निम्मी वाट सरली होती. मार्चचा पहिला मंगळवार, म्हणजे गावसभेचा दिवस. बर्फ वितळून रस्त्याची अशी राड झाली होती, की त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीने, कोरीनने, गाडी आणायचा नादच सोडला आणि बाईंना न्यायला ती चालतच आली. तिच्या एका हातात सभेच्या जेवणासाठी भाजलेली सफरचंदाची गोड पाई होती, दुसऱ्या हाताने तिने बाईंचा दंड धरला होता.

"ती पाई सांभाळ," बाई म्हणाल्या. "मी पडले तर उठेन."

हा पूल म्हणजे पार्लिन गावाची शीव. मागच्या पानगळीत गुडघे थकले म्हणून बाई भाचीकडे राहायला गेल्या, आणि भाचीचं घर शिवेपलीकडे, डनफोर्डात. नाव तिकडच्या मतदारयादीत गेलं, ते इकडून उडालं. अर्ध्या गावाला हात वर करून बोलायला ज्यांनी शिकवलं, त्यांना त्याच गावात आता मत नव्हतं. बोलायचं झालं तरी परगावच्या माणसाला सभेची परवानगी लागते. कुणी तरी हरकत घेतली की मत घ्यायचं, आणि पुरेसे हात वर झाले नाहीत तर त्या माणसाने गप्प बसायचं.

आणि आज तर शाळेचाच ठराव होता. दोन खोल्यांची शाळा बंद करून मुलांना बसने डनफोर्डला पाठवायचं. बाईंना त्यावर दोन शब्द बोलायचे होते. आदल्या दिवशी दुकानात वेंडेल प्रूटी सगळ्यांसमोर म्हणाला होता, की कराचा भार आम्ही उचलायचा आणि सल्ला शिवेपलीकडच्यांनी द्यायचा, हे चालायचं नाही. नाव घेतलं नव्हतं, पण दुकानातल्या कुणाला ते विचारावं लागलं नाही. आणि यंदा सभा चालवायची होती कोरीननेच.

मेपलच्या झाडांना पाकासाठी बादल्या टांगल्या होत्या, त्यांत रस टपटपत होता. त्या आवाजाने कोरीनला पहिलीचा वर्ग आठवला. दर सोमवारी बाई वर्गाची सभा भरवत, गावसभेसारखीच. अध्यक्ष मुलांतलाच, हातोड्याच्या जागी लाकडी ठोकळा. बाईसुद्धा छोट्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून. एकदा टपालवाला एलरॉय पार्सल घेऊन आला, तर त्यालाही दारातच उभं केलं. तू या वर्गातला नाहीस, आधी परवानगी माग. बिचारा टोपी हातात घेऊन उभा राहिला. सगळ्यांनी हात वर केले, एकट्या वेंडेलने नाही. का रे, तर म्हणे याच्या खिशात गोळ्या नसतात.

"तेव्हापासून तसाच आहे मेला," बाई म्हणाल्या आणि हसल्या. त्यांनाही तेच आठवत होतं.

मग हातमोज्यांचा विषय निघालाच. शेगडीजवळ वाळत घालायची जागा थोडी, मोजे बारा घरचे. कोरीन त्या वर्षी अध्यक्ष होती. ठराव आला, की ज्याचे मोजे सगळ्यात ओले त्याचे शेगडीला सगळ्यात जवळ. बाईंनी मध्येच तोंड उघडलं आणि सहा वर्षांच्या कोरीनने ठोकळा आपटला.

"बाई, तुमचा नंबर नाही आला. खाली बसा."

आता काय होणार म्हणून कोरीनने मनातल्या मनात देवाचा धावा केला. बाई बसल्या. हात वर करून थांबल्या. पण त्यांचा नंबर येईपर्यंत पोरांना भूक लागली होती, ठराव घाईने मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळी पोरं मोजे बर्फाच्या पाण्यात बुडवत होती. घरोघरी सर्दी पसरली, आया भांडायला आल्या. बाईंनी त्यांना सांगितलं, की कायदा मुलांनी केलाय, तो मुलंच बदलतील, पुढच्या सोमवारी. आणि तो सोमवार येईपर्यंत त्यांनी स्वतःचे कोरडे मोजे मुकाट्याने सगळ्यांत लांब ठेवले.

सभागृहाची पांढरी भिंत दिसू लागली. कोरीनने रस्ताभर मनात घोळवलेलं शेवटी बोलून टाकलं.

"बाई, तुम्ही नुसता हात वर करा. मी तुमचं नाव घेते. परवानगीचं काढतच नाही. एकदा तुम्ही बोलायला लागलात की कुणाची छाती आहे थांबवायची?"

बाई काठी टेकत पायऱ्यांपर्यंत आल्या. दारात बूट झटकणारी माणसं त्यांना पाहून टोप्या काढत होती. आतून वेंडेलचं मोठं बोलणं ऐकू येत होतं. बाईंनी क्षणभर डोळे मिटले, ओठ हलले. रविवारी चर्चमध्ये हलायचे तसेच.

मग कठड्याला टेकून त्या म्हणाल्या, "माझा शब्द उरलाय तो एवढाच, की ती शाळा हेच शिकवते, परवानगी मागायला आणि आपला नंबर येईपर्यंत थांबायला. तो बोलायला मी चोरवाटेने शिरले, तर बोलायचं काय राहिलं?"

"पण त्यांनी नको म्हटलं तर?"

"तर मी खाली बसेन. मला सवय आहे, तूच लावलीस." त्यांनी कोरीनच्या हातातली पाई स्वतःकडे घेतली आणि तिचा हात मोकळा केला. "एक मागणं पुरव, पोरी. सभेला विचार, मोठ्याने, माझं नाव घेऊन. हात नीट मोज. आणि कमी भरले, तर त्या मोज्यांच्या दिवशी म्हणालीस तसंच म्हण मला. आवाज कापू देऊ नकोस."