एका रात्रीचं बेट

जहाजावरच्या नोकरीत किस्से विहिरीतल्या गाळासारखे साचतात. मुद्दाम कोणी टाकत नाही, पण उपसायला बसलं की घमेल्यामागून घमेलं निघतं! आचऱ्याला सुट्टीवर आलो की संध्याकाळी मित्र जमतात आणि कुणीतरी म्हणतंच, "आबांचो काढ रे एक!"

आबा म्हणजे आमच्या जहाजाचे कुक. गाव मसुरे, वय पन्नाशीच्या पुढे. मी त्याच जहाजावर थर्ड इंजिनिअर. दोघांचं कॉन्ट्रॅक्ट एकदमच संपलं आणि कंपनीने आम्हाला अटलांटिकच्या मधोमध एका बेटावर उतरवलं. ज्वालामुखीचं बेट! काळा कातळ, चहूकडे पाणी, भाषा पोर्तुगीज. "एक रात्र मुक्काम, सकाळी विमान," असं सांगून जहाज निघून गेलं. घरी आबांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न तोंडावर आलेलं.

सकाळी उठून बघतो तर डोंगरावरून ढग उतरलेला आणि त्यात अख्खा विमानतळ गायब!

*

कंपनीचा तिथला एजंट रोज सकाळी लॉजवर यायचा, खांदे उडवायचा आणि म्हणायचा, "अमान्यां!"

आबा पहिल्याच दिवशी भडकले. "अमान्य? माझा तिकीट अमान्य? अरे, कंपनीन काढलेला तिकीट ता!" पासपोर्ट, तिकीट, होतं नव्हतं ते सगळं त्यांनी टेबलावर मांडलं. एजंट बिचारा हसून पुन्हा "अमान्यां, अमान्यां!" आबा बाह्या सरसावायला लागले तसा मी मध्ये पडलो.

"आबा, थांबा! त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'उद्या' असा आहे."

आबा एकेक कागद गोळा करत म्हणाले, "म्हणजे आपल्या सरकारी हापिसासारख्याच झाला. थंय पण 'उद्या येवा' म्हणजे अमान्यच!"

*

लॉजची मालकीण मारियाबाई, सत्तरीची, प्रेमळ. आमची उतरलेली तोंडं बघून ती आम्हाला बेट दाखवायला घेऊन गेली. एका ठिकाणी जमिनीतूनच वाफा येतात. लोक सकाळी तिथे मटण-भाज्यांचं पातेलं पुरतात आणि दुपारी शिजलेलं जेवण वर काढतात. गॅस नको, लाकूड नको!

पातेलं निघालं. आबांनी झाकण उघडून वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

"देवान फुकटची चूल दिल्यान, आणि ह्येंनी तेच्यार काय केल्यानी? कोबी उकडल्यानी! मसालो खंय?"

मारियाबाईने मला खुणेने विचारलं, काय म्हणतात? आता काय सांगणार! मी बोटं जुळवून दाखवलं, फर्स्ट क्लास! बाई एवढी खूश झाली, की तिने आबांच्या ताटात डोंगराएवढा कोबी वाढला आणि संपेपर्यंत समोरून हलली नाही!

*

रोज आबांच्या बायकोचा, म्हणजे काकींचा व्हिडिओ कॉल. "मंडप घालूक माणसा इली. तुमी खंय आसात?"

"अगो, ज्वालामुखीर!"

"बरा. आता दुसरा कायतरी सांगा."

काकींची पक्की समजूत, की नवरा मित्रांबरोबर गोव्यात बसलाय. आबा चिडले, फोन घेऊन धावत वाफांपाशी गेले आणि कॅमेरा फिरवला. "बघ! बघ आता!"

काकींनी नीट बघितलं. "दिसता मां. कोणतरी शेतात पालो जाळून भाजावळ करता. तेंका विचारा, मसुऱ्याक येणारी एसटी कितक्या वाजता?"

*

एकदा जेवताना कप खुळखुळले, दिवा हलला. भूकंप! मी आणि आबा दोघेही टेबलाखाली! मारियाबाई मात्र शांतपणे कॉफी ओतत राहिली. गालाखाली हात ठेवून तिने खूण केली, डोंगर झोपलाय हो, नुसती कूस बदलतोय.

टेबलाखालून आबांचा आवाज आला, "तेका सांगा, आमचा विमान जाईसर निजान ऱ्हव म्हणान!"

मग तिथेच बसून विचारात पडले. "कूस बदलता म्हणजे जितो आसा. जितो आसा तर ऐकता पण!"

मला तेव्हाच धडकी भरली.

*

दुसऱ्याच दिवशी आबांनी सुपरमार्केटमधून नारळ आणला आणि विमानतळाच्या गेटबाहेर, डोंगराकडे तोंड करून, आमच्या कोकणात देवाला घालतात तसं गाऱ्हाणं सुरू केलं. येणारेजाणारे थांबून बघायला लागले.

"आबा, मी इंजिनिअर आहे हो! लोक बघताहेत!"

"मगे तेंका पण सांग, 'व्हय म्हाराजा' म्हणूक!"

सांगितलं! काय करणार! मारियाबाई, एजंट, सगळे ओळीत उभे.

"बा डोंगराच्या म्हाराजा! ह्या मसुऱ्याचा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा. तेच्या चेडवाचा लगीन आसा. आडवो इल्लो ढग बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सकाळी आभाळ निळंशार. विमान उतरलं. आबा मसुऱ्याला पोचले तेव्हा मुलीला हळद लागत होती. बॅग खांद्यावर तशीच ठेवून ते मुलीसमोर बसले आणि ढसाढसा रडले.

मी सगळ्यांना सांगतो, वारा फिरला, ढग गेला, बस्स! कोणी ऐकतच नाही.

*

यंदा सुट्टीत आबांकडे गेलो होतो. अंगणात काजूच्या बिया वाळत होत्या. माझा फोन वाजला. बेटावरचा एजंट! मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "पुन्हा ढग उतरलाय. विमानं बंद. मी विमानतळावरच आहे, इथे माणसं अडकलीत. तो कुक तुमच्याजवळ आहे का?"

मी त्याला हवामान समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हो, पण कुक आहे का?"

वैतागून फोन स्पीकरवर टाकला आणि आबांच्या पुढे धरला. आबांनी हात धुतले, टोपी घातली, समुद्राच्या दिशेला तोंड केलं आणि सुरुवात केली, "बा डोंगराच्या म्हाराजा! ही खंयची खंयची लेकरा तुझ्या दारात अडाकली हत. तेंका आपापल्या घराक पोचव रे म्हाराजा!"

क्षणभर फोनमध्ये नुसती खरखर. आणि मग पलीकडून शे-दीडशे परक्या गळ्यांतून एकदम आवाज आला,

"व्हय म्हाराजा!"