दोन हाफ, खर्डा

बायको वारल्यावर सात महिन्यांनी मी तिला जामखेडच्या स्टँडवर हरवली.

हे वाचून आमचा पोरगा दत्तू म्हणेल, आबा, असलं कागदावर लिहीत असत्यात का? तर लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस. सगळा जन्म सुप्याच्या पलीकडं कांद्याच्या गोण्या शिवण्यात गेला, त्यामुळं बोलणंही दाभणासारखं. (ते चाळीस वर्षं कुणाला टोचलं, हे आता कळतंय.)

कौसाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, मी दर साली शिर्डी आणि शिंगणापूर एकाच दिवशी उरकून आणायचो. जीपमध्ये बारा माणसं, देवापुढं दोन पळं, की लगेच कानात आरोळी, "पुढं चला, पुढं चला." एकदा रांगेत घामाघूम होऊन ती म्हणाली, "अवो, मला एकदा असल्या ठिकानी न्या, जिथं कुनी पुढं चला म्हनत न्हाई."

मी म्हटलं, "तसलं ठिकान एकच हाय. तिथं चार जन खांद्यावर नेत्यात."

रांगेतली माणसं हसली. तीही हसली. भांडायला पाहिजे होतं तिनं.

तिच्या मनातलं ठिकाण म्हणजे जामखेडच्या पुढचं खर्डा गाव. लहानपणी मावशीकडं महिनाभर राहिली होती. किल्ल्याच्या आत एक कडुलिंब, त्याच्याखाली बसलं की दिवसभर कुणी हटकत नाही, एवढंच तिला परत बघायचं होतं. मी म्हणायचो, कांदा निघू दे, मग जाऊ. कांदा दर साली निघाला. आम्ही काही निघालो नाही. मग ती दोन दिवसांच्या तापात गेली, आणि खर्डा माझ्या डोक्यात जाऊन बसला.

दत्तू म्हणाला, "एकटं कुठं जाता आबा? रविवारी मी गाडीनं नेतो की."

"तुझ्या गाडीत तुझी बायको, दोन पोरं आन चार मोबाईल. मला शांत ठिकानी जायचंय. जत्रा घेऊन न्हाई."

हे माझे शब्द. ध्यानात ठेवा.

तिचं हिरव्या काठाचं लुगडं पिशवीत घातलं. कडुलिंबाखाली अंथरायचं, घटकाभर बसायचं आणि यायचं, एवढाच बेत. नगरपर्यंत नीट गेलो, जामखेडपर्यंतही नीट. खर्ड्याच्या गाडीत बसलो आणि पिशवी खिडकीशी ठेवली, कारण खिडकी कायम तिची. कंडक्टर बाई आली.

"बाबा, कुठं?"

"दोन हाफ, खर्डा."

जिभेची सवय. मशीन कुरकुरलं आणि दोन माणसांचं तिकीट बाहेर आलं.

"दुसरं कोन? आजी कुठायत?"

आता इथं सरळ सांगायचं होतं. पण 'वारली' हा शब्द सात महिन्यांत मी एकदाही तोंडातून काढला नव्हता. भेटायला येणारे तो स्वतःच म्हणायचे, मी नुसती मान हलवायचो. तिथं भरल्या गाडीत तो काढायचा म्हटल्यावर मी खिडकीशी ठेवलेल्या पिशवीकडं बघितलं.

"येतीय," मी म्हटलं.

बस्स, एवढंच खोटं बोललो. बाकीचं सगळं लोकांनी आपल्या मनानं जोडलं.

ड्रायव्हर ओरडला, "बाई, निघायचं का?"

"थांबा, बाबांच्या मालकीन बाथरूमला गेल्यात."

(मी बाथरूमचं नावही काढलं नव्हतं.)

दहा मिनिटं गेली. पेरूच्या पाटीवाली एक बाई उठली आणि स्वतः जाऊन बघून आली. "आत एकच बाई हाय. पर ती मास्तरीन हाय आन ती म्हनती, मी कुनाची न्हाई."

मग कंडक्टर बाईनं आजीचं नाव विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळानं स्टँडचा भोंगा बोलायला लागला, "खर्ड्याला जाणाऱ्या कौसाबाई जिथं कुठं असतील, तिथून त्यांनी ताबडतोब गाडीजवळ यावं. त्यांचे मालक वाट बघत आहेत."

मी जन्मभर तिला 'अगं' म्हणूनच हाक मारली. पूर्ण नाव घेऊन तिला कुणी मोठ्यानं बोलावलं ते त्या भोंग्यानं. आणि खरं सांगतो, मीसुद्धा गाडीच्या दाराकडं बघितलं.

एवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "हिरव्या लुगड्याची एक म्हातारी मगाच्या गाडीत चढली बगा."

"झालं तर! आजी चुकून पुढं गेल्या," म्हणत कंडक्टर बाईनं पुढच्या गाडीला फोन लावला. "म्हातारी हाय का? हाय? एकटीच? तिला खर्ड्यात बसवून ठेवा, मालक मागनं येत्यात." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "काळजी करू नका बाबा. सापडल्या."

सगळी गाडी खूश. पाटीवालीनं मला पेरू दिला. तो पेरू हातात धरून मी खर्ड्यापर्यंत कसा गेलो, ते माझं मला ठाऊक. दोनदा उठून सांगायला गेलो. दोन्ही वेळेला बाई म्हणाली, "बसा बाबा, आता आलंच."

खर्ड्याच्या स्टँडवर वीसेक माणसं जमली होती. मधे बाकड्यावर एक अनोळखी आजी, हातात कुणीतरी दिलेला चहा. मी उतरलो तसे सगळे बाजूला झाले, नवरदेवाला वाट द्यावी तसे.

आजीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्यो कोन?"

"आजी, तुमचे मालक."

"डोळे फुटले का रं? माजा मालक दोन वर्सं खाटंवर हाय. तुमी म्हनला, मालक मागनं येतोय. मला वाटलं, उठला का काय देवाच्या दयेनं. म्हनून तर थांबले मी."

 सगळी माणसं माना वळवून माझ्याकडं बघायला लागली. चहावाला हळूच म्हणाला, "मग बाबा, तुमच्या आजी कुठायत?"

पळायला जागा राहिली नव्हती.

"वारली," मी म्हटलं. "सात म्हयने झाले."

ड्रायव्हरनं गाडीचं इंजिन बंद केलं. "पण तिकीट तर दोघांचं काढलं," म्हणताना कंडक्टर बाईच्या डोळ्यांत पाणी. त्या आजीच्या मात्र नाही.

"मग तिकीट कशाला काढलंस मुडद्या?"

"सवयीनं."

"आन आता कुठं निघालास?"

मी कडुलिंबाचं सांगितलं. तिनं कप खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "चल, दावते. माजा म्हातारा अजून घटकाभर कळ काढंल."

आम्ही निघालो. मागं चहावाला निघाला, 'बाबांना चक्कर आली तर?' म्हणून. त्याच्या मागं पाटीवाली, तिच्या मागं दुकानं सोडून दोघं तिघं. वाटेत लोक विचारायचे, काय झालं, आणि उत्तर ऐकून तेही मागं लागायचे. किल्ल्याच्या आत पोचेपर्यंत पन्नासएक माणूस झालं. एकाचाही हेतू वाईट नव्हता. शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

कडुलिंब होता. मी लुगडं अंथरलं आणि बसलो. अर्ध्या लुगड्यावर. सगळी गोल उभी राहून बघायला लागली. मागच्यांना दिसेना, ते पुढच्यांना ढकलायला लागले. एकानं तर चपला काढल्या.

मी डोळे मिटले. कौसा, म्हटलं, आलो बघ. चाळीस वर्षं उशीर झाला, पण आलो. इथं कुणी...

तेवढ्यात त्या आजीनं पदर खोचला आणि दोन्ही हात पसरून गर्दीवर खेकसली, "काय बगताय? दर्शन झालं ना? चला, पुढं चला, पुढं चला!"

त्या झाडाखाली कधी कुणी ते म्हटलं नव्हतं. म्हणायची पाळी आणणारा पहिला माणूस मीच.