पोत्यावरचं नाव

"नाकाला लाव," खत तपासायला आलेले कृषी खात्याचे साहेब म्हणाले. "तुझंच आहे ना?"

मूर्तिजापूरच्या खताच्या दुकानात, भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर त्यांनी फोडलेल्या पोत्यातली मूठ माझ्या तळहातावर सोडली. वरून. हाताला हात लागू नये म्हणून. शेजारी खुर्ची रिकामी होती, मला उभंच ठेवलं. गांडूळखताचा नमुना प्रयोगशाळेत नापास झाला होता. विक्रीचा परवाना दुकानाच्या शेठचा, पोतं शेठचं, त्यावर नाव शेठचं. पण खत करणारी मी, म्हणून बोलावणं मला.

शेठनं कागद पुढे सरकवला. माल माझ्याकडून आला तसाच विकला, असं त्यावर लिहिलेलं होतं.

"कर सही. तुमच्या लोकायची सारी जिंदगी शेणात गेली, तुले प्रयोगशाळा काय समजते?"

गिऱ्हाइकं हसली. साहेबही हसले. माझे कान तापले.

चूक माझीही होती, खोटं कशाला बोलू? तीन वर्षं मी त्याला सुटं खत देत आले. परवान्याच्या भानगडीत तू कशाला पडतेस, असं तो म्हणायचा आणि मी मान हलवायची. उलट डोक्याचा ताप वाचला म्हणून खूश व्हायची. माझ्या पायावर धोंडा मीच पाडून घेतला.

पण आमच्या घरची एक रीत त्याला माहीत नव्हती. प्रत्येक ढिगातलं मूठभर खत आम्ही फडक्यात बांधून ठेवतो, पुढच्या ढिगाला विरजण म्हणून. आईनं लावलेली सवय. नमुना नापास झाल्याचं कळलं तेव्हा त्याच ढिगाची पुरचुंडी मी पिशवीत टाकून आणली होती.

दोन गिलास पाणी मागितलं. कोणी हलेना. नळावरून मीच भरून आणलं. एकात पुरचुंडीतलं खत टाकलं, दुसऱ्यात पोत्यातलं. थोडं थांबले. पोत्यातल्या खताखाली बोटभर माती बसली. माझ्या गिलासात नुसता चिमूटभर गाळ.

याला पुरावा म्हणत नाहीत, साहेब म्हणाले. खरंच होतं ते. पण आता कोणी हसत नव्हतं.

"पोत्यावर नाव शेठचं," मी म्हणाले. "अन् नापास झालं त नाव माह्यं? मी सही करत नाई."

कागद तिथंच टाकून निघाले.

शेठनं माल घेणं बंद केलं. घरामागं दोन ढीग तसेच पडून आहेत. जिवाला चैन नाही, उठते, बसते, पुन्हा ढिगापाशी जाते. माझ्या नावानं परवान्याचा अर्ज केला, तो दोनदा परत आला. घरात शिकलेलं कोण आहे, असं कचेरीत विचारलं. मीच, म्हणून सांगितलं. सोमवारी पुन्हा जाणार आहे.

परवाना मी घेणारच. मग साहेबांनी खुशाल नमुना घ्यावा, पण माझ्या डोळ्यांदेखत घ्यावा, सील माझ्यासमोर लावावं. पोत्यावर माझं नाव असेल. नापास झालं तर मी नापास. पण दुसऱ्यानं मिसळलेली माती माझ्या हातावर पुन्हा पडू देणार नाही.